टक्के कुणी काढले?

"आत्या, रकाना कुठेही कर गं. उत्तर तेच येतं!"

हे आमच्या भाचेरावांचं वाक्य. भाचेराव हिंजवडीला एका कंपनीत विदा सांभाळतात. (विदा म्हणजे डेटा. अनुदिनीकारांनी रूढ केलेला हा शब्द मला आवडतो, भाचेरावांना तो एखाद्या गोळीचं नाव वाटतो.) २०२५ च्या दिवाळीत घरी आले होते, तेव्हा चकल्या खाता खाता मी त्यांना एक प्रश्न विचारला आणि हे उत्तर मिळालं. मग फोनवर आणखी दोघातिघा नातलग 'आयटी'वाल्यांना विचारून पाहिलं. शब्द वेगळे, सूर तोच. सूत्र बरोबर असलं की झालं, ते कुठे लिहिलं याला काय महत्त्व?

तर मंडळी, आजचा लेख या सुराविरुद्ध आहे. उत्तर तेच येत नाही. का येत नाही ते सांगते, आणि न आल्यामुळे कुणाचं काय झालं तेही सांगते. भाचेराव, रागावू नका. तुम्ही हे वाचता हे मला ठाऊक आहे.

ज्यांना रकाना म्हणजे काय इथपासून सांगायला हवं, अशा माझ्या जावा-नणंदांसाठी आधी थोडं. (जाणकारांनी एवढा परिच्छेद गाळला तरी चालेल.) मी मराठी-इतिहासाची बी.ए. गणिताशी माझा संबंध आला तो वर्गशिक्षिका म्हणून. पण वर्गशिक्षिका म्हटलं की निकालपत्रक आलंच. आडवा लांबलचक कागद, डावीकडे हजेरी क्रमांक, मुलाचं नाव, मग विषयवार गुण, आणि उजव्या टोकाला एकूण, टक्के, श्रेणी, शेरा. तेहेतीस वर्षं एप्रिलचा शेवटचा पंधरवडा मी या कागदावर ओणवी होऊन काढला. यातले विषयांचे गुण हे लिहिलेले रकाने. उत्तरपत्रिकेवरून जसेच्या तसे उतरवलेले. एकूण, टक्के, श्रेणी हे काढलेले रकाने. फरक ओळखायचा तर असं समजा की कागदाचा एखादा कोपरा उंदराने खाल्ला. टक्के खाल्ले तर ते पुन्हा काढता येतात. गुण खाल्ले तर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे शोधायला हवेत. संगणकवाले काढलेल्या रकान्याला कुठे कॅल्क्युलेटेड कॉलम म्हणतात, कुठे कम्प्युटेड, कुठे जनरेटेड. मी काढलेला रकानाच म्हणणार आहे.

कागदाची एक सोय होती, जी तेव्हा सोय वाटतच नव्हती. कागद एकच होता! टक्के काढायचे ते त्याच कागदावर, गुणांच्या शेजारीच. मुख्याध्यापक सही करण्याआधी कुठल्याही ओळीवर बोट ठेवून "बाई, हे कसं आलं?" असं विचारत आणि आपण त्याच ओळीत डावीकडे बोट सरकवून दाखवत असू. रकाना कुठे काढायचा हा प्रश्नच कुणाला पडत नसे.

संगणकावर मात्र जागा चार. माझ्या समजुतीप्रमाणे सांगते. पहिली जागा उगमाशी, म्हणजे जिथे मूळ नोंदी राहतात त्या डेटाबेसात किंवा मूळ तक्त्यात. दुसरी वाटेत. पॉवर बीआय नावाचं जे साधन हल्ली जिथे तिथे वापरतात, त्यात माहिती आत घेण्याआधी निवडून-धुवून घ्यायची एक पायरी असते, तिला पॉवर क्वेरी म्हणतात. तिथेही रकाना काढता येतो. तिसरी मॉडेलच्या आत. मॉडेल म्हणजे आत घेतलेले तक्ते आणि त्यांची आपसातली नाती. तिथे डॅक्स नावाच्या भाषेत सूत्र लिहिलं की माहिती ताजी करताना, म्हणजे रिफ्रेशच्या वेळी, ते प्रत्येक ओळीसाठी काढलं जातं आणि साठवून ठेवलं जातं. चौथ्या जागेला रकाना म्हणताच येणार नाही, तिला मेझर म्हणतात. ते साठवलेलं नसतं. तुम्ही प्रश्न विचारला की त्या क्षणी ज्या ओळी निवडल्या असतील तेवढ्यांवर हिशेब होतो. स्वयंपाकाच्या भाषेत बोलायचं तर पहिली जागा शेतात, दुसरी निवडताना, तिसरी पातेल्यात आणि चौथी पानात वाढताना. लिंबू कुठे पिळायचं हे ज्या सुगरणीला कळतं तिला हा विषय कळायला हरकत नाही.

आता "उत्तर तेच येतं" याची परीक्षा घेऊ. इयत्ता आठवी, दोन तुकड्या. 'अ' तुकडीत ६० मुलं, त्यातली ५४ पास. 'ब' तुकडीत २० मुलं, त्यातली १० पास. तुकडीवार टक्के काढून रकान्यात ठेवले, अ ला ९०, ब ला ५०. आता कुणीतरी विचारलं, आठवीचा निकाल किती? रकाना तयारच आहे म्हणून संगणकाने दोन्हींची सरासरी काढली, ७० टक्के. पण खरं काय? ८० मुलांतली ६४ पास, म्हणजे ८० टक्के. दहा टक्क्यांचा फरक, आणि सूत्र तर दोन्हीकडे बिनचूक! चुकली ती जागा. निकालाचे टक्के हे प्रश्न विचारल्यावर काढायचे असतात, कारण प्रश्न तुकडीचा आहे की इयत्तेचा की मुलींचा की मुलांचा, हे आधी माहीत नसतं. रकान्यात घालून ठेवलेली टक्केवारी म्हणजे आदल्या रात्री लिंबू पिळून ठेवलेले पोहे. बरं, रकान्यात साठवलेला आकडा स्लायसरला दाद देत नाही. (स्लायसर म्हणजे पडद्यावरचं ते 'फक्त मुली', 'फक्त २०२४' असं निवडायचं बटण.) तुम्ही बटण दाबाल, ओळी कमी होतील, पण प्रत्येक ओळीतला आकडा रिफ्रेशच्या वेळी जो ठरला तोच राहणार.

भाचेराव यावर म्हणाले, "आत्या, एवढं तर नवशिक्यालाही माहीत असतं." असेल. मग दर वर्षी मुख्याध्यापकांच्या बैठकीत शाळांच्या टक्केवाऱ्यांची बेरीज करून शाळांच्या संख्येने भागलेला 'तालुक्याचा निकाल' कुणी आणलेला असे?

असो. आता जिच्यामुळे हे सगळं लिहिते आहे ती गोष्ट.

आमच्या भागातल्या गरजू मुलामुलींना दहावीनंतर शिष्यवृत्ती देणारी एक संस्था आहे. नाव सांगत नाही. माणसं भली आहेत, आणि नाव सांगून मुलांच्या पैशांवर गदा यायला नको. आमच्या गावचे आणि आजूबाजूच्या वाड्यांचे अर्ज मूळ गुणपत्रिकेशी ताडून बघण्याचं काम माझ्याकडे असतं. सहा विषयांचे सहा आकडे, जन्मतारीख, नाव. एवढं ताडून मी सही करते. संस्थेचा छापील नियम असा आहे की बोर्डाच्या गुणपत्रिकेवर ८० किंवा अधिक टक्के असले की विद्यार्थी पात्र.

२०२५ च्या जूनमध्ये अर्ज गेले, जुलैत यादी लागली. यादीत २७ नावं. आणि जुलैच्या शेवटी एक बाई मुलीची गुणपत्रिका घेऊन माझ्या दारात. "बाई, हिला चौऱ्याऐंशी पॉइंट साठ आहेत. शेजारच्या वाडीतल्या पोराला ब्याऐंशीला मिळाली. मग आमच्या पोरीचं काय चुकलं?"

त्या मुलीचे गुण असे होते. मराठी ८८, हिंदी ८४, इंग्रजी ५५, गणित ७९, विज्ञान ८२, सामाजिक शास्त्रं ९०. आता आमच्या राज्य मंडळात मार्च २०१० च्या परीक्षेपासून 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आहे. सहाही विषयांत पास व्हावं लागतं, पण टक्के काढताना सर्वांत चांगले पाच विषय धरतात. तिच्या इंग्रजीचे ५५ सोडले तर पाचांचे ४२३, पाचशेपैकी, म्हणजे ८४.६०. सहाही धरले तर ४७८, सहाशेपैकी, म्हणजे ७९.६७. पहिलं पात्र, दुसरं अपात्र.

मी संस्थेकडे जाऊन बसले. दोन दिवस. तेव्हा कळलं की टक्क्यांचा रकाना एक नव्हता, तीन होते! पहिला अर्जातच, उगमाशी. तिथे मुलांनी गुणपत्रिकेवरचे टक्के स्वतः लिहिलेले. दुसरा वाटेत, पॉवर क्वेरीत. तिथल्या स्वयंसेवकाने सहा विषयांचे सहा रकाने बघून साधा हिशेब केला, बेरीज भागिले ६००. शिक्षण परराज्यात झालेलं, बेस्ट ऑफ फाइव्ह त्याच्या कानावर कधी आलंच नव्हतं. आणि तिसरा मॉडेलमध्ये. दुसऱ्या एका ताईंना तक्त्यात दशांश बरे दिसेनात म्हणून त्यांनी वाटेतलाच रकाना घेऊन पूर्णांकात आणला. ७९.६७ चे झाले ८०. यादी छापली ती दुसऱ्या रकान्यावरून, म्हणून २७ नावं. कार्यालयातल्या पडद्यावर पात्र विद्यार्थी ३१ दिसत होते, ते तिसऱ्यावरून. आणि अर्जातल्या पहिल्या रकान्यावरून, म्हणजे संस्थेच्याच नियमाने मोजले तर निघाले ३८. सत्तावीस, एकतीस, अडतीस. महिनाभर पडद्यावर ३१ आणि सूचनाफलकावर २७ असं शेजारी शेजारी होतं. ती मुलगी पडद्यावर पात्र होती आणि कागदावर अपात्र!

मला उत्तर काय मिळालं? "बाई, सॉफ्टवेअरची चूक झाली."

सॉफ्टवेअरची काय चूक? त्याने तीनही ठिकाणी सांगितलं ते इमानेइतबारे केलं. तीन माणसांनी आपापल्या सोयीच्या जागी एकाच नावाचा रकाना काढला, आणि 'टक्के' हे नाव तिघांनीही तेच ठेवलं. कुणी कुणाला विचारलं नाही, कारण उत्तर तेच येतं ना!

इथे थोडं थांबते, कारण ही साधी चूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. यादीतून गळालेली ती अकरा मुलं कोण होती ते मी बसून पाहिलं. सगळ्यांचा एक विषय कच्चा होता, आणि एक सोडून सगळ्यांचा तो विषय इंग्रजी होता. वाडीवरच्या मराठी शाळेतली मुलं ही. घरात इंग्रजी शब्द कानावर पडायचा तो मोबाइलच्या जाहिरातीतून. बेस्ट ऑफ फाइव्हचा निर्णय अशांना आधार ठरला होता. (त्यावर केवढा वाद झाला ते आठवत असेल. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि मग सर्वोच्च न्यायालयात तो टिकला.) म्हणजे ज्या गोष्टीसाठी शासन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, ती एका स्वयंसेवकाने, कुणाचं वाईट चिंतण्याचा विचारही मनात नसताना, एका मधल्या पायरीत रद्द करून टाकली. ना ठराव, ना सूचना, ना सही. सूत्र म्हणजे निर्णय असतो, मंडळी. कागदावर असता तर कुणीतरी त्यावर बोट ठेवून "हे कसं आलं?" विचारलं असतं.

ऑक्टोबरात यादी दुरुस्त झाली. तोवर मुलीच्या आईने कानातले गहाण ठेवून पॉलिटेक्निकची पहिली फी भरली होती. शिष्यवृत्ती मिळाली, व्याज कुणी दिलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की रकाना कुठे काढायचा हे आधी ठरवायचं, आणि ठरवताना जितकं उगमाजवळ जाता येईल तितकं जायचं. जे एका ओळीचं आहे, म्हणजे एका मुलीचं, एका पावतीचं, आणि जे कुणीही विचारलं तरी बदलत नाही, ते उगमाशी एकदाच काढा, आणि पुढच्या सगळ्यांनी तेच वाचावं. उगमाशी हात लावायची परवानगी नसेल तर वाटेत, पण तेही एकाच ठिकाणी. मॉडेलच्या आत काढायचं ते जेव्हा दुसऱ्या तक्त्यांशी नातं जुळल्याशिवाय काढताच येत नाही तेव्हा. आणि जे विचारणाऱ्याच्या निवडीप्रमाणे बदलतं, सरासरी, प्रमाण, निकालाचे टक्के, ते विचारल्यावरच. आता होतं असं की पॉवर बीआयच्या पडद्यावर 'नवीन कॉलम' हे बटण डोळ्यांसमोर असतं, म्हणून हात तिकडे जातो. समोर आहे म्हणून डबा उघडून शेव खाणाऱ्या माणसासारखं आहे हे.

हे काही मला सुचलेलं शहाणपण नाही. एडगर कॉड नावाचे इंग्लंडात जन्मलेले गणिती आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत होते. १९७० साली त्यांनी तक्त्यांच्या आणि नात्यांच्या स्वरूपात माहिती ठेवायची कल्पना मांडणारा लेख लिहिला, ज्यावर आजचे बहुतेक डेटाबेस उभे आहेत. त्या छोट्याशा लेखाचा दुसरा भागच द्विरुक्ती आणि सुसंगती या विषयावर आहे. एका गोष्टीवरून दुसरी काढता येत असताना दोन्ही साठवल्या, की त्या एकमेकींशी जुळत्या ठेवायची जबाबदारी येऊन पडते, ही गोष्ट पन्नास वर्षांहून जुनी आहे. भाचेरावांना कॉलेजात हे शिकवलं होतं. परीक्षेपुरतं.

आणि यंत्रसुद्धा कधी कधी माणसांपेक्षा शहाणं असतं बरं का. वयाचं उदाहरण घ्या. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहायची रीत होती. वय लिहायला रकानाच नव्हता. ज्याने ते रजिस्टर आखलं त्याला ठाऊक होतं की वय रोज शिळं होतं. आता पोस्टग्रेस नावाचा जो डेटाबेस आहे, त्यात २०१९ पासून काढलेले रकाने ठेवता येतात. पण त्यात 'आजची तारीख वजा जन्मतारीख' असं सूत्र लिहून बघा. तो सरळ नकार देतो! ज्याचं उत्तर उद्या बदलेल असं सूत्र तो रकान्यात घेतच नाही. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर आजची तारीख रकान्याच्या सूत्रात घेतो, पण ते उत्तर साठवून ठेवा म्हटलं की तोही नाही म्हणतो. पॉवर बीआय मात्र मुकाट्याने घेतो, आणि तुम्ही मागच्या वेळी रिफ्रेश केलं त्या दिवसाचं वय दाखवत बसतो. मतदार यादीत वय छापलेलं असतं, हे कुणी म्हणेल. असतं, पण ते कोणत्या तारखेला धरलं आहे तेही त्याच यादीवर छापलेलं असतं. पूर्वी ती अर्हता तारीख वर्षातून एकच असे, १ जानेवारी. २०२२ पासून अशा चार तारखा झाल्या आहेत. वय छापायचंच असेल तर ते असं, तारखेसकट.

सीबीएसईने तर याहून पुढची पायरी गाठली. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी कळवलं की मंडळ एकूण टक्केवारी काढत नाही. ज्या महाविद्यालयाला किंवा नोकरी देणाऱ्याला ती हवी असेल त्यांनी ती आपली काढावी, आणि पाचाहून जास्त विषय असतील तर कुठले पाच धरायचे तेही त्यांनीच ठरवावं. पुष्कळांना ही टाळाटाळ वाटली. मला ते प्रामाणिक वाटलं. आम्ही गुण देतो, टक्के हा तुमचा निर्णय, तेव्हा त्याची जबाबदारीही तुमची. आमच्या बोर्डाने उलट टोक पकडलं, टक्के स्वतः काढून गुणपत्रिकेवर छापले. तेही प्रामाणिकच. काढणारा कोण, हे दोन्हीकडे स्पष्ट आहे. पंचाईत होते ती कुणीच ठरवलेलं नसतं आणि तिघे काढतात तेव्हा.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं. तेही ऐकायला हवं, नाहीतर म्हातारी एकटीच भांडते असं व्हायचं.

भाचेरावांचा पहिला मुद्दा वेगाचा. विचारल्यावर हिशेब करायचा तर वेळ लागतो, साठवून ठेवलेलं पटकन मिळतं. खरं आहे, पण कुठे? कोट्यवधी ओळी असतील तिथे. साडेतीनशे अर्जांच्या तक्त्यात वेग कसला वाचवता? शिवाय मॉडेलच्या आत साठवलेला रकाना जागा खातो, आणि आधीपासून काढून आणलेल्या रकान्याइतका तो आवळून बसत नाही, हे मला सूनबाईने दाखवलं. (ती भाचेरावांपेक्षा जास्त शिकलेली आहे आणि कमी बोलते.)

दुसरा मुद्दा, मूळ जागी आम्हाला हात लावू देत नाहीत. हे मात्र मी शंभर टक्के मान्य करते. शाळेतही कार्यालयीन कपाटाची किल्ली हेडक्लार्ककडे असे, आणि ती मागायला जाण्यापेक्षा माणूस दुसरी वही घाले. मोठमोठ्या कंपन्यांतही तसंच चालतं म्हणे. उगमाशी एक रकाना वाढवून घ्यायला अर्ज करायचा, सहा आठवडे थांबायचं, तोवर वरिष्ठांना उद्या सकाळी तक्ता हवा असतो. म्हणून खाली, हाताशी, आपल्या ताटात काढून मोकळं व्हायचं. यात त्या बिचाऱ्यांना मी दोष देत नाही. पण मग किल्ली धरून बसलेल्याला दोष द्या ना! "कुठेही केला तरी चालतो" असं तत्त्वज्ञान कशाला तयार करता?

तिसरा मुद्दा मला आधी लक्षात आला नव्हता, तो सूनबाईने सांगितला. 'श्रेणी' किंवा 'उत्पन्न गट' यांच्यावरून मुलं निवडायची असतील, तर त्यांचा रकानाच लागतो. मेझर बटणावर लावता येत नाही. बरोबर. श्रेणी ही त्या एका ओळीची असते, प्रश्नाप्रमाणे बदलत नाही, तेव्हा तिला रकान्याचा मान मिळायलाच हवा. फक्त तो एकाच घरात राहू दे.

आणि एका बाबतीत मी स्वतःहून माझ्याच नियमाविरुद्ध बोलते. काही काढलेले आकडे पुन्हा काढायचेच नसतात. संस्थेने २०२५ च्या जूनमध्ये मुलांसाठी २०० वह्या घेतल्या. ४० रुपयांची एक, म्हणजे ८,०००, त्यावर १२ टक्के जीएसटीचे ९६०, एकूण ८,९६०. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरचा कर शून्य झाला. खजिनदारांच्या तक्त्यात कराचा रकाना आजच्या दराच्या तक्त्याकडे बघून काढलेला. दर बदलला, तसं जूनचं बिलही आपोआप ८,००० झालं! बँकेतून गेले ८,९६० आणि वहीत ८,०००. हिशेबनीस दोन दिवस ९६० रुपये शोधत होते. बिल फाडून दिलं, पैसे गेले, की तो आकडा काढलेला राहत नाही, लिहिलेला होतो. त्या दिवशी जे घडलं त्याची ती नोंद असते. गुणपत्रिकेवर छापलेल्या टक्क्यांचंही तेच. पुढे नियम बदलला म्हणून कुणी १९९५ च्या मुलाचे टक्के नव्याने काढत नाही. अशा ठिकाणी सूत्र काढून टाकून आकडा गोठवायचा, आणि शेजारी तारीख घालायची.

फक्त हे गोठवणं समजून-उमजून असावं. एक्सेलमध्ये सगळं निवडून 'पेस्ट व्हॅल्यूज' करून टाकणारे जे महाभाग आहेत (आमच्या घराण्यातच चार आहेत, नावं घेत नाही), ते काय करतात? सूत्र उडतं, आकडा तेवढा उरतो. सहा महिन्यांनी विचारलं, "हे कसं आलं?" तर "आधीच्या शीटमध्ये होतं बहुतेक." पाचवीतल्या पोराला आपण वहीच्या उजव्या बाजूला कच्चं काम दाखवायला लावतो, ते दाखवलं नाही तर गुण कापतो. आणि अभियंता झालेल्या पोराचं कच्चं काम कुणी मागत नाही!

मार्चमध्ये संस्थेची सभा आहे. मी लेखी मुद्दा दिला आहे. पॉवर क्वेरीतला आणि मॉडेलमधला, दोन्ही टक्क्यांचे रकाने काढून टाकावेत. अर्जात सहा विषयांचे गुण आणि गुणपत्रिकेवरचे छापील टक्के एवढंच घ्यावं, आणि पडताळणी करणाऱ्याने गुणांबरोबर टक्केही ताडून सही करावी. सीबीएसईच्या मुलांसाठी पाच विषय कसे धरायचे ते संस्थेने ठराव करून नियमावलीत छापावं, आणि तो हिशेब अर्जाच्या तक्त्यातच, एकाच जागी व्हावा. पडद्यावरची पात्र मुलांची संख्या आणि फलकावरची यादी एकाच रकान्यावरून निघावी, आणि यादी लावण्याआधी दोन्ही आकडे जुळतात हे दोघांनी सही करून सांगावं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, एवढं कडक कशाला? पोरं फुकट काम करतात." मी म्हटलं, पोरांच्या कामावर माझा आक्षेप नाही, पण फी भरायची असते जुलैत. पुढचे अर्ज जूनमध्ये येतील.

भाचेराव सभेला येतो म्हणालेत. बघू.